थोडक्यात वाचलात, आता पुढे?

पाऊस सुरू झाल्यापासून सायकलवरून कामाला जाणाऱ्यांची जी पत्रं या सदराकडे आली, त्यांत पंक्चर आणि गिअरपेक्षा भांडणंच जास्त आहेत. रिक्षाशी, स्कूटरशी, बसशी, कुत्र्यांशी, आणि एका पत्रात खुद्द सायकलवाल्यांशी. त्यामुळे या वेळी दुरुस्तीच्या प्रश्नांना सुट्टी. शेवटचा एक प्रश्न तेवढा अपवाद.

कोथरूड, पुणे : कर्वे रस्त्यावरून रोज ७ किलोमीटर सायकलने ऑफिसला जातो. आठवड्यातून दोनदा तरी पुढची रिक्षा अचानक डावीकडे वळून थांबते आणि मी आदळता आदळता वाचतो. इंडिकेटर कोणी देत नाही. ब्रेक नवे आहेत. चुकतं कुठे?

इंडिकेटरची वाट बघण्यात चुकतं. रिक्षा डावीकडे जाते ती गिऱ्हाइकासाठी, आणि गिऱ्हाईक रिक्षावाल्याला दिसतं त्याच वेळी तुम्हालाही दिसू शकतं. म्हणून रिकाम्या रिक्षेच्या मागे असताना नजर रिक्षेवर कमी आणि पुढच्या फुटपाथवर जास्त ठेवा. हात वर केलेला माणूस, पिशव्या घेऊन कडेला उभी बाई, बसस्टॉपवरून दोन पावलं रस्त्यात आलेलं कोणी दिसलं की रिक्षा आत जाणार असं धरून चाला. भरलेली रिक्षा असेल तर मागच्या पारदर्शक पडद्यातून प्रवासी पुढे वाकलेला दिसतो. तो ‘इथेच घ्या’ म्हणत असतो किंवा पैसे काढत असतो. रिकामी रिक्षा गर्दी नसताना कडेने १०-१५च्या वेगाने रेंगाळत असेल तर ती थांबण्यासाठीच रेंगाळते आहे. आणि ड्रायव्हरचा पाय बाहेर आला तर तो पुण्यातला अधिकृत नसलेला, पण दिव्यापेक्षा भरवशाचा इंडिकेटर आहे.

आता अंतराचं गणित. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे साडेपाच मीटर तुम्ही काहीही न करता पुढे गेलेले असता. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर त्यापुढे तीन-सव्वातीन मीटरमध्ये सायकल थांबते. फक्त मागचा ब्रेक दाबला तर हेच अंतर सहा मीटरच्या पुढे जातं. रिक्षाही जागच्या जागी थांबत नाही, तिला ब्रेक लागायला थोडं अंतर लागतंच. म्हणून तुमचे ब्रेक तिच्याइतके चांगले असतील तर दोन रिक्षांच्या लांबीएवढी जागा मधे पुरते. पावसात तीन-चार रिक्षांची हवी. दोन लांब्या म्हणजे सुमारे सव्वापाच मीटर, तो तुमचा एक सेकंद. एवढी जागा सोडली की मधे दुचाकी घुसते, हे खरं आहे. घुसू द्या, आणि पुन्हा मागे व्हा. दर वेळी मागे झाल्याने ७ किलोमीटरमध्ये मिनिटभराचा उशीर होईल.

तुमचे ब्रेक नवे आहेत, पण लावता कोणता? आपल्याकडे लहानपणापासून ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील’ हेच शिकवलं जातं, आणि मोठेपणीही बोटं मागच्याच ब्रेकवर जातात. तोंडावर पडतो तो हात सैल ठेवणारा. सायकल थांबते, अंग थांबत नाही. एखाद्या रविवारी सोसायटीच्या मोकळ्या जागेत सराव करा. पायडल समतल ठेवा, बूड सीटवरून मागे सरकवा, हात ताठ करा आणि दोन्ही ब्रेक एकदम खटकन न दाबता, लिंबू पिळावं तसे दाब वाढवत दाबा. मागचं चाक हलकं होऊन घसरायला लागलं की पुढचा ब्रेक थोडा सोडायचा. १०च्या वेगापासून सुरू करून २०पर्यंत जा. वीस-पंचवीस वेळा केलं की बोटं आपोआप शिकतात.

ओल्या रिमवर पहिले काही फेरे ब्रेकचं रबर नुसतं पाणी पुसतं, धरत नाही. चकचकीत स्टीलच्या रिमला हे फार जाणवतं, अॅल्युमिनियमला कमी, डिस्कला नगण्य. त्यामुळे पावसात सिग्नल किंवा स्टॉप जवळ आला की आधीच हलका ब्रेक लावून रिम पुसून घ्यायची.

आणि एक राहिलं : थांबलेल्या रिक्षेच्या डावीकडून कधीच जायचं नाही. प्रवासी तिकडेच उतरतो.

ठाणे : घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरून जाते. स्कूटरवाले मुद्दाम घासून जातात आणि वर ‘सायकल कडेला घे’ म्हणून ओरडतात. परवा मीही उलट ओरडले, तर एकाने स्कूटर आडवी लावली आणि उतरला. चार लोक जमले म्हणून तो गेला. आता त्या रस्त्याची भीती वाटते. गप्पच बसायचं का?

ओरडायचं, पण गाडी अंगावर येत असताना. ती निघून गेल्यावर नाही. आधीच्या ओरडण्याने टक्कर टळते. घंटी हेल्मेटमध्ये आणि हॉर्नच्या गोंगाटात पोचत नाही, पण पोटातून काढलेला ‘ओ!’ पोचतो. एकच अक्षर, मोठ्याने. नंतरच्या ओरडण्याने काहीच टळत नाही, उलट समोरच्याचा चारचौघांत अपमान होतो आणि तो मिटवायला तो उतरतो. ‘कट मारल्याच्या कारणावरून मारहाण’ ही बातमी आपण पेपरात इतक्यांदा वाचतो की तिचं काही वाटेनासं झालंय. त्या बातमीतला कट बहुतेक वेळा कुणालाच लागलेला नसतो. लागलेला असतो तो नंतरचा शब्द.

‘कडेला घे’ या मागणीबद्दल. सर्व्हिस रोडला डांबराच्या कडेचा फूट-दीड फूट भाग म्हणजे वाळू, चेंबरची झाकणं आणि पेव्हर ब्लॉकची धार. तिथून चालवलं की खड्डा चुकवायला तुम्ही अचानक उजवीकडे येता, आणि मागच्याच्या दृष्टीने ‘सायकल मधे आली’. शिवाय तुम्ही कडेला चिकटलात की मागच्याला वाटतं, आपली गाडी याच लेनमधून निघते, आणि तो हँडलला घासून काढतो. कडेपासून साधारण मीटरभर आत, सरळ रेषेत चालवा. मग त्याला ओव्हरटेक करायला लेन बदलावी लागते, आणि त्याने फारच घासलं तर डावीकडे सरकायला तुमच्याकडे मीटरभर जागा उरते. रस्ता मोकळा असेल आणि मागे रांग लागली असेल तर चांगली जागा बघून बाजूला व्हा आणि हाताने पुढे जायची खूण करा. या एका खुणेने किती हॉर्न थांबतात ते बघण्यासारखं असतं.

आता तो उतरलाच तर. सायकलवरून उतरा आणि सायकल तुमच्या आणि त्याच्या मधे ठेवा. आडवी धरलेली सायकल हे चांगलं कुंपण आहे. हेल्मेट डोक्यावरच राहू द्या. गल्लीत वळू नका, दुकान, पेट्रोल पंप, सोसायटीचा वॉचमन असेल तिथे थांबा. पुढे पळून जाण्यात अर्थ नाही, तो तुमच्यापेक्षा वेगाने येतो. त्यापेक्षा सायकल हातात घेऊन फुटपाथवरून उलट दिशेला चालू लागा. त्याला मागे यायचं तर गाडी सोडावी लागेल किंवा उलट चालवावी लागेल, आणि तेवढ्यात बहुतेकांचा जोर ओसरतो. बोलायचंच तर ‘दादा, गाडी फार जवळून गेली, मी पडले असते’ एवढंच. अरे-तुरे नाही, ‘लायसन कोणी दिलं’ नाही, शिक्षणाचा उद्धार तर नाहीच. त्याच्या गाडीला हात लावू नका. आरशावर मारलेली एक थाप पुरते, मग ‘गाडीचं नुकसान केलं’ ही त्याची तक्रार तयार होते. फोन त्याच्या तोंडासमोर नाचवू नका. नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे मनात दोनदा म्हणा, तो गेल्यावर लगेच स्वतःलाच मेसेज करा. वेळ त्यावर आपोआप पडते.

धमकी किंवा अंगावर येणं सुरू झालं तर ११२. पोलिसांत जाताना हे लक्षात असू द्या की सगळ्या तक्रारी सारख्या नोंदल्या जात नाहीत. वाट अडवणं (भारतीय न्याय संहिता, कलम १२६) आणि स्त्रीला उद्देशून अश्लील शब्द किंवा हावभाव (कलम ७९) हे दखलपात्र आहेत, त्यावर थेट एफआयआर होतो. बेदरकार गाडी चालवण्याचं कलम २८१ हेही दखलपात्रच. नुसती शिवीगाळ किंवा साधी चापट अदखलपात्र नोंदीत, म्हणजे ‘एनसी’त जाते. तीही नोंदवा आणि प्रत मागून घ्या. त्याच माणसाने दुसऱ्यांदा त्रास दिला तर ती प्रत उपयोगी पडते.

त्रास देणारी गाडी रोजचीच असेल, म्हणजे कंपनीची बस, शाळेची व्हॅन, पाण्याचा टँकर, पार्सलवाला, तर पोलिसांच्या आधी मालकाकडे जा. तारीख, वेळ, ठिकाण, नंबर, दोन ओळींत. कुठल्या फेरीला कोण होतं हे त्याच्या वहीत असतं.

नाशिक : कॉलेज रोडवर राँग साइडने येणाऱ्या दुचाक्या थेट माझ्या समोर येतात. नियमाने डावी बाजू माझी. मी का हटायचं?

हटायचं नाही. थांबायचं. यात फरक आहे.

राँग साइडने येणारा तुमच्या डाव्या कडेला, म्हणजे फुटपाथला चिकटून येतो, कारण मधे आला तर त्याला समोरची वाहनं उडवतील. त्याची अपेक्षा अशी की तुम्ही उजवीकडे व्हाल, म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्या वाहनांच्या पुढ्यात. तुम्ही मागे न बघता तसं केलंत तर चूक त्याची आणि धडक तुम्हाला. तुमचा २०चा आणि त्याचा ३०चा वेग मिळून तुम्ही एकमेकांकडे ५०च्या वेगाने जात असता. ३० मीटर अंतर संपायला दोन सेकंदांहून थोडंच जास्त लागतं. ‘बघू कोण हटतो’ खेळायला ते पुरत नाहीत.

म्हणून तो दिसताक्षणी पायडल मारणं थांबवा, डावीकडेच राहा, हात खाली करून ‘हळू’ची खूण करा आणि शेवटी डावा पाय फुटपाथच्या कडेवर टेकवून उभे राहा. थांबलेल्या सायकलला वळसा घालायचं काम मग त्याचं होतं, आणि तो बाहेर आला की समोरची वाहनं त्याला दिसतात, तुम्हाला नाही. मागे बघून रस्ता खरोखर मोकळा असेल तरच उजवीकडून जा. उजव्या हँडलला छोटा आरसा लावला तर ही नजर अर्ध्या सेकंदात होते. पण आरशात लांबचं कळतं, शेजारचं नाही. वळण्याआधी मान वळवून बघायचंच.

रात्री राँग साइडवाला कधी कधी हेडलाइट बंद ठेवून येतो, कारण त्यालाही आपण दिसू नये असं वाटतं. त्यामुळे तुमचा दिवा तुम्हाला दिसण्यासाठी नाही, तुम्ही त्याला दिसावं म्हणून आहे. पांढरा, जळता ठेवलेला, किंचित खाली झुकवलेला. नुसता लुकलुकणारा दिवा अंधारात किती लांब आहे हे समोरच्याला उमगत नाही.

सदाशिव पेठ, पुणे : मी सायकल चालवत नाही, सत्तरीचा पायी चालणारा आहे. हे हेल्मेटवाले फुटपाथवरून मागून येतात आणि कानाशी घंटी वाजवतात. त्यांनाही काही सांगाल का?

सांगतो. काका, तुमचं बरोबर आहे. फुटपाथ चालणाऱ्याचा. सायकल तिथे न्यायचीच असेल तर उतरून, हातात धरून.

जिथे सायकल ट्रॅक आणि चालायची जागा एकच झाली आहे, तिथे घंटी १५ मीटर आधी, एकदाच वाजवावी. कानाशी वाजवली की माणूस दचकून नेमका सायकलपुढे उडी मारतो. ऐकू न येणाऱ्या माणसाला घंटी वाजलीच नाही असं धरून, चालण्याच्या वेगाने जावं. झेब्रावर चालणारा असेल तर थांबावं, सिग्नल सायकललाही असतो. जो सायकलवाला रिक्षावाल्याला नियम शिकवतो आणि पुढच्या चौकात लाल दिवा तोडतो, त्याच्याबद्दल या सदराला सहानुभूती नाही.

चिंचवड : भोसरी एमआयडीसीत कामाला जातो. बस आणि डंपर डावीकडे वळताना मला दाबतात. सिग्नलला मी सगळ्यांच्या डावीकडून पुढे जाऊन थांबतो, तरीही.

‘तरीही’ नाही, म्हणूनच. मोठ्या गाडीच्या डाव्या पुढच्या कोपऱ्याशी जी जागा असते ती ड्रायव्हरला दिसत नाही. तो उजवीकडे, उंचावर बसलेला असतो. खालची सायकल दाराच्या आड जाते. त्यात गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापतात. पुढचा भाग तुमच्यापासून दोन मीटर लांबून गेला म्हणून तुम्ही निश्चिंत होता आणि मधला भाग तुम्हाला कठड्याशी दाबत येतो. डंपर डावीकडे वळण्याआधी कधी कधी थोडा उजवीकडे झुकतो. ती जागा तुमच्यासाठी सोडलेली नसते, तो वळायला जागा घेत असतो.

सिग्नल कधी सुटेल हे माहीत नसताना रांगेच्या डावीकडून पुढे जाऊ नका. जड गाडी दिसली की तिच्या मागे, लेनच्या मधोमध थांबा. तिच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही, एवढी एक परीक्षा पुरे. आधीच अडकलात आणि गाडी हलू लागली तर सायकल वाचवायला बघू नका. सायकल सोडून फुटपाथवर चढा.

बस स्टॉपकडे येत असेल तर बस आणि फुटपाथ यांच्यामधे शिरू नका, मागे थांबा. वीस सेकंदांत ती निघते. उजवीकडून काढायची घाई केली की ती तुमच्या शेजारी असतानाच सुटते.

नागपूर : सायकलवर कॅमेरा लावावा का? पोलीस ते मानतात का?

लावायचा तर मागच्या बाजूला आधी. नंबर प्लेट ओव्हरटेक करून गेल्यावरच दिसते असं वाटतं, पण गाडी किती जवळून आली हे मागच्या कॅमेऱ्यातच नीट कळतं. पैसे असतील तर पुढेही. हेल्मेटवर नको, मान हलली की चित्र हलतं आणि पडल्यावर डोक्याशी एक कडक वस्तू असते. हँडलखाली किंवा सीटच्या दांड्यावर पक्का बसवा.

बहुतेक कॅमेरे जुनं चित्रण पुसून त्यावर नवं भरत जातात. काही घडलं की घरी पोचल्यावर पहिलं काम कार्ड बाहेर काढणं. मूळ फाइल तशीच ठेवा, कापलेली, नावं-बाण घातलेली प्रत वेगळी. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं आणि फाइलला हात लावलेला असला की तिथे अडतं. सोशल मीडियावर आधी टाकून मग तक्रार करण्याचा क्रम उलटा आहे. नंबर आणि चेहरा जगाला दाखवलात की समोरचाही तक्रारदार होतो. दुकानाच्या सीसीटीव्हीत काही दिसत असेल तर दुसऱ्याच दिवशी जाऊन विनंती करा, तिथलं चित्रणही काही दिवसांनी पुसलं जातं.

छत्रपती संभाजीनगर : वाळूजला रात्रपाळी. पहाटे येताना कुत्री मागे लागतात. वेग वाढवला तर आणखी धावतात.

धावणाऱ्या चाकामागेच ती धावतात, म्हणून चाक थांबवायचं. उतरा, सायकल मधे धरा, त्यांच्याकडे पाठ न करता, डोळ्यांत डोळे न घालता हळू चालत त्यांच्या हद्दीबाहेर जा. ती हद्द साधारण दहा-पंधरा घरांची असते. लाथ मारायला पाय पायडलवरून काढलात की तोल जाऊन पडता. चाव्यापेक्षा या पडण्यानेच जास्त हाडं मोडतात असं आमचं मत आहे. चावलं किंवा नुसतं खरचटलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं, घड्याळ लावून, धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालयात जा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

कोल्हापूर : गेल्या महिन्यात कारने मागून धक्का दिला, पडलो. कारवाला म्हणाला, ‘पाचशे घ्या आणि मिटवा.’ घेतले. दुसऱ्या दिवशी मनगट सुजलं, एक्स-रेमध्ये हाड तडकलेलं. आता काही करता येईल का?

येईल, पण आधी इतरांसाठी क्रम सांगतो. पडल्यावर पहिली दहा मिनिटं अंगात इतका जोर असतो की मोडलेलं मनगटही फक्त ‘मुरगळल्यासारखं’ वाटतं. म्हणून जागेवर ‘मला काही झालं नाही’ हे वाक्य बोलायचं नाही. ‘अजून कळत नाही’ म्हणायचं. ते खरंही असतं.

उठण्याआधी मान, मग बोटं, मग पाय हलवून बघा. मान दुखत असेल किंवा मुंग्या येत असतील तर पडूनच राहा, १०८ बोलवायला सांगा. उठता येत असेल तर रस्त्याच्या कडेला या, पण शक्य असेल तर कोणाकडून तरी सायकल आणि कार हलवण्याआधी दोन फोटो काढून घ्या. एक लांबून, ज्यात चौकाची खूण किंवा दुकानाची पाटी दिसेल. दुसरा नंबर प्लेटचा. कारवर कुठे ओरखडा आहे त्याचाही. एका तरी बघणाऱ्याचा फोन नंबर घ्या. मदत करणाऱ्याला पोलीस साक्षीसाठी अडकवतील ही भीती असते, त्याला सांगा की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मुळे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे आणि नाव देण्याची सक्ती नाही.

जखमीला उपचार मिळवून देणं आणि घटना २४ तासांत पोलिसांना कळवणं ही कलम १३४ प्रमाणे चालकाची जबाबदारी आहे, उपकार नाही. रुग्णालयात ‘सायकलवरून पडलो’ असं सांगू नका, ‘कारने धडक दिली’ असं सांगा, म्हणजे ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) होते, म्हणजे पोलिसांना कळवलं जातं. केसपेपरवरचं हे एक वाक्य पुढच्या सगळ्या कागदांचा पाया असतं. नंतर ते बदलणं फार अवघड. मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार मिळतात. पोलीस नोंद त्यासाठीही लागते.

आता तुमचं. पाचशे घेतल्याने हक्क जात नाही. एक्स-रे, डॉक्टरांचा कागद, फोटो, कामावरच्या रजेचा दाखला घेऊन पोलीस ठाण्यात जा. हद्द दुसरी असली तरी ‘झीरो एफआयआर’ घेणं बंधनकारक आहे. उशीर का झाला हे तक्रारीतच लिहा : ‘इजा दुसऱ्या दिवशी एक्स-रेत कळली.’ पाचशे घेतल्याचंही लिहा, लपवलं तर ते समोरचा आधी सांगेल. प्रत्येक मोटारीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे आणि सायकलस्वार हा तृतीय पक्षच. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली करायचा, कायद्यात मुदत अपघातापासून ६ महिने दिली आहे. वकील याच महिन्यात गाठा. कारवाला पळून गेलेला आणि नंबर माहीत नसलेला असता, तरीही कलम १६१च्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपये ठरवलेले आहेत.

फोंडा, गोवा : पावसात घसरून पडलो, मला फक्त खरचटलं. सायकल वरवर ठीक दिसते. तशीच चालवू का?

आधी पाच मिनिटं द्या. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ आहे का बघा. वाकडं झालं असेल तर स्टेमचे, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याचे, बोल्ट सैल करून सरळ करा आणि पुन्हा आवळा. हँडल धरणाऱ्या बोल्टवर किती आवळायचं ते बहुधा छापलेलं असतं, साधारण ५ न्यूटन-मीटर. सायकल उचलून चाक फिरवा : ब्रेकच्या रबरापासून रिमचं अंतर एका फेऱ्यात दोन-तीन मिलिमीटरहून जास्त हलत असेल तर आऊट काढून, म्हणजे चाक सरळ करून घ्या. तारा जोडीजोडीने चिमटीत दाबून बघा, एखादी सैल लागली तर तीच पुढे तुटणार. उजव्या अंगावर पडला असाल तर मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, आतल्या बाजूला वाकलेला असतो. वरून बघताना साखळीच्या रेषेत दिसत नसेल तर साखळी मागच्या सर्वांत मोठ्या दातेरी चक्रावर टाकू नका, डिरेलर तारांत शिरतो आणि चाक जागच्या जागी अडकतं.

शेवटी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन टांगांचा भाग. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकला. ‘टक्’ आवाज आला तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे. मग बाजूने बघा, चिमट्याच्या दोन्ही टांगा एका रेषेत दिसायला हव्यात. जोडापाशी रंग तडकलेला किंवा सुरकुतलेला असेल तर धातू वाकला आहे. स्टीलचा असेल तर बदलायला फार पैसे लागत नाहीत, सरळ करून घेऊ नका. कार्बनचा असेल आणि त्यावर मार बसला असेल तर तडा दिसो न दिसो, बदला. हेल्मेट आपटलं असेल तर तेही गेलं. आतलं थर्मोकोल एकदाच दबतं.